पंचविसावा रुग्ण

डॉक्टर प्रतिभांनी लंकाबाईचा गुडघा दोनदा वाकवून पाहिला आणि पेनाला टोपण लावलं.

"काही झालेलं नाही. उठा."

"लई दुखतंय, डॉक्टरीणबाई."

"मघाशी डावा दुखत होता. आता उजवा पुढे केलात."

मागच्या बायका पदराआड हसल्या. लंकाबाईला मात्र हसू येण्यासारखं काही नव्हतं. तिच्या आधी धोंडाबाईची कंबर आणि भागूचा खोकलाही डॉक्टरांनी असाच परत पाठवला होता.

"खोटं माझ्या वहीत जात नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या हे कायमच म्हणत. आज जरा मोठ्याने म्हणाल्या, कारण अंगणवाडीच्या ओट्यावर शेजारच्या खुर्चीत संस्थेचे थोरवे साहेब बसले होते. त्यांनी मान डोलावली.

संस्थेची दवाखान्याची गाडी दर मंगळवारी घोडेगावहून वर पिंपळपठारला यायची. तपासणी फुकट, औषधं फुकट. नियम एकच. सलग तीन मंगळवार पंचवीसपेक्षा कमी रुग्ण झाले, तर गाडी दुसऱ्या गावाला द्यायची. निरोगी माणूस मोजायचा नाही. मागच्या दोन मंगळवारी भातलावणीमुळे वाडीत माणूस नव्हता. आजचा तिसरा.

साहेबांनी वही ओढली. त्यांचं बोट पहिल्या रकान्यावरून, अनुक्रमांकांवरून सरसर खाली आलं. नाव, आजार, औषध हे रकाने त्यांच्या कामाचे नव्हते.

"चोवीस," ते म्हणाले. "एक कमी."

चोविसावी लंकाबाईची लेक होती, मधल्या सुट्टीत तपासून गेलेली. तेजस्विनी, नववीतली. दोन वर्षांपूर्वी तिला फिट यायच्या. एकदा तर चुलीपाशीच आली आणि हात भाजला. शाळा सुटली ती तेव्हा. मग गाडी येऊ लागली, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर दर मंगळवारी तिला तपासायच्या आणि आठवड्याच्या गोळ्या द्यायच्या. गेल्या आठ महिन्यांत एकही फिट आली नव्हती. पोरगी पुन्हा वर्गात बसत होती. घोडेगावला जायचं तर एकच एसटी, तीही दरड आली की बंद. एक आठवडा गोळी चुकली की काय होतं, हे लंकाबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"साहेब, माझी पोरगी दोनदा लिवा," ती म्हणाली. "तिचा आजार दोन माणसांयेवढा हाय."

"असं चालत नाही, बाई. नियम मी केलेला नाही. देणगी देणारे विचारतात, किती लोकांना लाभ झाला? त्यांना आकडा लागतो."

"आन् माझ्या पोरीची गोळी? ती कुनाला लागती?"

"तुम्ही अर्ज करा. पुढच्या वर्षी विचार होईल."

 लंकाबाई ओट्यावरून उतरली, गाडीपुढे गेली आणि चिखलात मांडी घालून बसली. धोंडाबाई तिच्या शेजारी बसली. मग भागूही बसली, आणि खोकलाबिकला काही आला नाही तिला.

"आता न्या गाडी," लंकाबाई म्हणाली. "फुकाट देता म्हनून आमी वाकून ऱ्हायचं व्हय? आमी भीक न्हाई मागत. पोरीला औशद मागतोय. न्यायची आसंल तर आमच्या अंगावरनं न्या."

साहेब ताडकन उठले. "हा काय तमाशा आहे? संस्थेला दमदाटी करता? मी आजच्या आज वर कळवतो!" बोलता बोलता त्यांना धाप लागली. चेहरा तांबडालाल झाला.

"साहेब, बसा," डॉक्टर म्हणाल्या.

"मला काही झालेलं नाही."

"ते मी ठरवते. हात पुढे करा."

त्यांनी साहेबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, नळी कानाला लावली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी हवा सोडून पुन्हा भरली. चिखलातल्या बायका माना उंच करून पाहू लागल्या.

"एकशे सत्तर, एकशे दहा," डॉक्टर म्हणाल्या.

साहेब खुर्चीत बसले ते बसलेच. "पण मला तर कधीच..."

"कळत नाही, म्हणून तर धोका. गोळी लगेच नको. मीठ कमी करा, आरडाओरडा बंद. आणि तीन महिने दर मंगळवारी माझ्याकडे तपासायचं."

"घराजवळ, मंचरला तपासलं तर?"

"एकाच यंत्रावर, एकाच हाताने मोजलं तरच फरक कळतो. इथेच या."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. डॉक्टरांनी वही पुढे ओढून एक ओळ लिहिली. "तपासलं, नोंद केली. खाली सही करा."

साहेबांचं बोट सवयीने पहिल्या रकान्यावरून खाली आलं आणि थांबलं.

"पंचवीस," ते पुटपुटले. त्यांनी सही केली आणि आधार घेत गाडीत जाऊन बसले. जिवाची भीती भल्याभल्यांना मऊ करते, साहेब तर मुळातच फार टणक नव्हते.

लंकाबाई चिखलातून उठली. डॉक्टरांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आपल्या गुडघ्याला खोटा म्हणणाऱ्या बाईचे आभार मानायला ती तयार नव्हती. गाडी राहिली ती साहेबांच्या दुखण्याने, असं तिने धोंडाबाईला ऐकवलं.

शाळा सुटल्यावर तेजस्विनी गोळ्या न्यायला आली. डॉक्टरांनी पुडी तिच्या हातात ठेवली आणि वही उघडून दिली. गोळ्या मिळाल्याची सही तिला आपल्या नावापुढे करायची होती. सही झाली तशी तिची नजर खालच्या ओळीवर गेली.

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर सामान भरत होत्या.

तिने ती ओळ पुन्हा, सगळे रकाने धरून वाचली: अनुक्रमांक २५. गोरख थोरवे, वय ५१. रक्तदाब १२०/८०. आजार : काही नाही.