नऊ दहाची फाईल

व्यवस्थापक तिच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते. "मला नाव हवंय. अर्ध्या तासात. पेन ड्राइव्ह लावायचा नाही म्हणून सगळ्यांच्या सह्या घेतल्यात आपण."

शाळेची पुस्तकं काढणाऱ्या त्या प्रकाशनसंस्थेचे सगळे धडे, चित्रं, आकृत्या एकाच सामायिक स्टोरेजवर होत्या आणि ते सांभाळणं हे तिचं काम. कुणी फाईल ठेवली की स्टोरेज ती आधी तपासणीच्या सर्व्हरकडे पाठवी. तिथून होकार आला तरच ती दुसऱ्या कुणाला उघडता येई. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी होकार आला नव्हता. कुणीतरी पेन ड्राइव्हवरून चढवलेल्या विज्ञानाच्या सहाव्या धड्यात व्हायरस निघाला. ती एक फाईल बाजूला कोंडली गेली, म्हणून बाकीच्या चाळीस हजार वाचल्या. नाहीतर दुपारपर्यंत एकेक धडा कुलूपबंद झाला असता आणि छापखाना नुसता बसून राहिला असता.

व्यवस्थापक गेले. ती फाईल कुठल्या संगणकावरून आली, याची नोंद तिला केव्हाच सापडली होती. तिनं ती तीनदा उघडली, तीनदा बंद केली. संगणक क्रमांक चौदा. मास्तरांचा.

मास्तर म्हणजे संस्थेचे मुद्रितशोधक. सत्तावीस वर्षांची नोकरी. त्यांच्या नजरेतून वेलांटी सुटत नाही, असं छपाईवालेसुद्धा म्हणत. ती नवीन होती तेव्हा तिच्या पहिल्याच अहवालातली ढोबळ चूक त्यांनी हळूच दाखवली होती, चारचौघांत हसं होऊ दिलं नव्हतं. आता त्यांचंच नाव वर कळवायचं. तिला एका जागी बसवेना. ती उठली, बसली, पुन्हा उठली आणि जिना उतरून खाली गेली.

मास्तर बोटांनी टेबल वाजवत बसले होते. समोरच्या स्क्रीनवर धडा उघडा होता.

"मास्तर, सकाळी पेन ड्राइव्ह लावलात का?"

"छे. मी कशाला लावू?"

तिनं नोंदीचा कागद पुढे केला. "मग हे जरा वाचता?"

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. खिडकीकडे वळवला. मग शर्टाचा खिसा चाचपला.

"चष्मा घरी राहिला बघ."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

शेजारची खुर्ची ओढून ती बसली. आवाज अगदी खाली आणून तिनं विचारलं, "कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. नजरेतलं मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं तेवढं दिसतं."

ती कागदाच्या घड्या घालत राहिली. "मी अजून नाव कळवलेलं नाही. सापडलं नाही, असं लिहिता येईल मला."

"आणि उद्या पुन्हा तसंच काही आलं तर?"

"तपासणीत पकडलं जाईल."

"एखाद्या दिवशी नाही पकडलं गेलं तर?"

जिन्यावर पावलं वाजली. व्यवस्थापक थेट टेबलाशी येऊन थांबले.

"मिळालं का नाव?"

तिनं कागदाची घडी मुठीत दाबली. मास्तर टेबलाची कड धरून उठले. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि आवाजाच्या दिशेनं पुढे केला.

"दोन नावं लिहून घ्या साहेब. हा लावला, तो मी. मला अक्षर दिसत नाही आणि ते मी लपवलं. नोकरी गेली तरी तक्रार नाही. आणि तीन वर्षं तुमची पुस्तकं बिनचूक गेली, ती मी ह्याच्यात घालून घरी नेली आणि माझ्या बायकोनं वाचली. तिचं नाव कुठंच लागलेलं नाही."