नवा ओटा

"फोडायचं म्हणजे फोडायचं," बायको म्हणाली, आणि तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीकडे असं बघितलं, जणू आगळीक भिंतीनंच केली होती.

नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. त्याची अख्खी नोकरी बँकेत घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज नाकारण्यात गेली होती. नाही म्हणण्याआधी चष्मा पुसायचा, ही तिथलीच सवय. घरी तिचा आजवर काही उपयोग झाला नव्हता.

"चांगलं तर आहे. लग्न झाल्यापासून तू यातच..."

"म्हणूनच."

"अगं, यात घातलेला पैसा परत येत नाही. उद्या घर विकायला काढलं, तर घेणारा सगळ्यात आधी स्वयंपाकघरच फोडतो. जन्मभर लोकांना हेच सांगत आलो मी."

"लोकांनी ऐकलं?"

"नाही."

"मग मी कशाला ऐकू?"

तिचं सगळं ठरलेलं होतं. बंद कपाटं नकोत, उघड्या फळ्या हव्यात. डबे जाऊन काचेच्या बरण्या. शेगडी अशी, की आच विझली तर गॅस आपोआप बंद व्हावा.

"तुला काय करायच्यात काचेच्या बरण्या? तुला तर डोळे मिटूनही सगळं सापडतं."

"हल्ली विसरायला होतं. वय झालं."

त्यानं फार ताणलं नाही. बरण्यांच्या विषयात त्याची बाजू तशी लंगडीच होती. ती माहेरी गेली असताना एकदा त्यानं चहात साखर समजून मीठ घातलं होतं, आणि वाया कशाला घालवायचा म्हणून तो चहा प्यायलाही होता.

खरं तर अडचण पैशाची नव्हतीच.

तिच्या तपासण्यांचे निकाल आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं होतं. "हिवाळा निघाला तर नशीब समजा," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

त्यानं ठरवलं. बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोला म्हणाला, "रक्त कमी आहे. पालेभाज्या खा म्हणाल्या."

"एवढंच? मग आत इतका वेळ काय चाललं होतं?"

"त्यांना घर बांधायचंय. कर्ज कसं मिळतं विचारत होत्या."

ती हसली. इतकं बेमालूम खोटं आपल्याला जमतं, हे त्याला उतारवयात कळलं. रात्री ती झोपली की तो न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडायचा. पाणी वाया जातं म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडलेला माणूस.

आता ही स्वयंपाकघराचं घेऊन बसली होती. मिस्त्री फोनवर दीड महिना म्हणत होता. मिस्त्रीचा दीड महिना म्हणजे कुणाही सज्जन माणसाचे तीन. तेवढे दिवस ठोकाठोकी, सगळ्या घरभर धूळ, बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक शेगडी. आणि होईल ते कुणासाठी? जेमतेम चार दिवस तिथं उभं राहणाऱ्या बाईसाठी. तिच्या वाट्याला जे उरलंय, ते सिमेंटच्या पोत्यांत घालवायचं? असा अर्ज त्यानं बँकेत उघडूनही पाहिला नसता.

त्यानं गॅलरीत जाऊन दबक्या आवाजात मुलीला फोन लावला. तिला आजाराचं सगळं ठाऊक होतं; त्यानं स्वयंपाकघराचंही सांगितलं.

"बाबा," ती म्हणाली, "आईनं स्वतःसाठी आजवर काय मागितलंय?"

त्यानं आठवून बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"मग करा की तिच्या मनासारखं. एक दिवस वापरू दे. एकच दिवस. वसूल झालं समजा."

"बरं. ठेवतो," तो म्हणाला. पण त्यानं फोन ठेवला नाही, तिनंही नाही. दोघं तशीच एकमेकांचं नाक ओढणं ऐकत राहिली.

सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "फोडू या."

ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "एका रात्रीत कसे हो तयार झालात?"

"व्याजदर उतरले."

"हो का?" म्हणून तिनं त्याच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

दुपारी मिस्त्री आला. त्यानं भिंती ठोकून बघितल्या, नळाला नावं ठेवली आणि आधीच्या मिस्त्रीची अक्कल काढली. एवढं शास्त्रोक्त झाल्यावर खिशातून टेप काढली.

"हा ओटा फार बुटका झालाय. नवा किती उंच धरू?"

"सगळीकडे असतो तेवढा," नवरा म्हणाला.

"छे हो काका. ओटा काय तयार चप्पल आहे? माणूस बघून बांधतो मी. हात कोपरात दुमडायचा, त्याच्या खाली चार बोटं सोडायची. तिथं ओटा. जो रोज उभा राहणार, त्याचंच माप लागतं. नाहीतर कंबर गेलीच म्हणून समजा. या काकू, अशा उभ्या राहा ताठ."

नवरा पाठ फिरवून खिडकीशी गेला. समोरच्या इमारतीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं, ते तो मन लावून बघू लागला. तिचं माप घेताना बघणं त्याला जमणार नव्हतं.

मागून दंडाला तिचा हात लागला. हलकेच ओढत तिनं त्याला ओट्यापाशी आणलं, नीट ताठ उभं केलं, त्याचा हात कोपरात दुमडला.

"माझं नको," ती मिस्त्रीला म्हणाली. "ह्यांचं घ्या. इथं ह्यांनाच उभं राहायचंय."