शकिलाची हौस

भिवंडीतले कापडाचे लूम भंगारात गेल्यापासून अब्दुर्रहमान टुरिस्ट गाडी चालवायचा. आज नाशिकच्या वाइनवाल्यांचे द्राक्षमळे, उद्या कोकणचा खडकाळ किनारा, आणि संध्याकाळी परत घरी. सहा वर्षांत त्याने बायकोला कितीदा तरी "चल" म्हटलं असेल. शकिलाचं उत्तर ठरलेलं, "समुद्र काय पळून जातोय?"

आणि या आठवड्यात तिनेच हट्ट धरला. सोमवारी मळे, गुरुवारी समुद्र. "म्हातारपणी हौस सुचली हिला," असं तो अख्ख्या मोहल्ल्यात कौतुकाने सांगत फिरला.

किनाऱ्यावर पोचतात तोच नाजनीनचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला. "हितं आवाज तुटतोय," म्हणत शकिला खडकांवरून पार टोकाला गेली. लाटा अशा आदळत होत्या की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. तिथून तिने त्याच्याकडे बघून हसत हात हलवला आणि ती बोलत राहिली.

लूमच्या खडखडाटात बावीस वर्षं त्याने माणसांचं बोलणं ओठांवरूनच वाचलं होतं, हे ती साफ विसरली.

"अब्बांना कळू देऊ नकोस," ती लेकीला सांगत होती. "डॉक्टर म्हणतात, मला ईद दिसली तरी पुष्कळ."

ती परतली. "नाजनीन विचारत व्हती, मजा येते ना?"

"उद्या परत येऊ," तो म्हणाला.

"अहो, समुद्र काय पळून जातोय?"

तिच्या तोंडाकडे न बघताच त्याने गाडी सुरू केली.