वगळलेले अकरा

हाडांचे फोटो डॉक्टरांनी उजेडाला धरले आणि बराच वेळ खाली ठेवलेच नाहीत. मुलगी काय ते समजली. प्रोस्टेटचा कॅन्सर बाबांच्या कमरेच्या हाडांत उतरला होता.

"असं व्हायला नको होतं," डॉक्टर म्हणाले. "दीड वर्षापूर्वीच्या जनुकांच्या तपासणीत धोका कमी आला होता. म्हणून तर ऑपरेशन न करता थांबलो."

ती तपासणी मुलीच्याच लॅबमध्ये झाली होती. गाठीच्या तुकड्यात कोणती जनुकं किती जोमाने काम करतात ते मशीन मोजायचं आणि आधीच्या चार हजार रुग्णांच्या आकड्यांशी ताडून धोका सांगायचं. 'कमी' हा शब्द आला तेव्हा ती आनंदाने रडली होती. बाबांनी तर गल्लीभर सांगितलं होतं, पोरीच्या मशीनने मला पास केलं!

बाबा शिंपी. चाळीस वर्षं कात्री चालवलेला माणूस. बाहेरच्या बाकावर कमरेला हात लावून ते म्हणाले, "एक सांग. तुमच्या मशीनने माप कुणावरून घेतलं होतं?"

"म्हणजे?"

"इथल्या तयार कोटात मी कधी मावलो नाही बघ. खांदे त्यांचे, कोट त्यांचा. म्हणून विचारतो."

बाबांच्या पणजोबांना मजुरीसाठी मायदेशातून बोटीत घालून या परक्या देशात आणलं होतं. चार पिढ्या झाल्या तरी त्यांचा रंग, त्यांचे चेहरे लोकांच्या नजरेत भरायचेच. प्रश्न साधा होता. सहा वर्षं लॅबमध्ये काढूनही तिला तो सुचला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तडक लॅबमध्ये गेली. यादीतला वंशाचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. चार हजारांत आपला एकही माणूस नव्हता.

"होते की, अकरा होते," तिने विचारल्यावर लॅबचे साहेब चहा ढवळत म्हणाले. "त्यांचे आकडे भलतेच यायचे, सगळं गणित बिघडायचं. नमुने खराब असतील म्हणून वगळले. तूच तर वगळलेस, विसरलीस? नवी होतीस तेव्हा. काम मात्र एकदम चोख केलं होतंस."

तिला खरंच आठवत नव्हतं. तिने जुनी फाइल उघडली. अकरा ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे तिनेच टाइप केलं होतं, 'विचित्र. वगळावा.' त्यापुढचा रकाना तिने तेव्हा वाचलाच नव्हता. त्या माणसांचं पुढे काय झालं ते त्यात होतं. अकरापैकी नऊ जण तीन वर्षांच्या आत गेले होते. नमुने खराब नव्हते. त्यांचा आजारच वेगळ्या चालीचा होता, आणि त्यांच्या जनुकांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी ती बाबांच्या दुकानात आली. त्यांना बसवत नव्हतं, म्हणून ते उभ्यानेच एका सदऱ्याची काजं करत होते. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"मीच काढलं त्यांना, बाबा. माझ्या हाताने. नाहीतर तुमचं ऑपरेशन वेळेवर झालं असतं."

बाबांनी चार शिव्या द्याव्यात, नाहीतर डोक्यावरून हात तरी फिरवावा, असं तिला वाटत होतं. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"ते मशीन आज चालू होतं?"

"हो."

"उद्या?"

उद्याही ते चालणारच होतं. आपल्या वस्तीतले तीन-चार रिपोर्ट तरी दर आठवड्याला निघायचे.

बाबांनी सुई कापडात खोचली. "मग इथे माझ्यापाशी काय रडत बसलीस?"