मुंगीएवढी अक्षरं

"आई, पिन बसली की झालं! भिंग कशाला?" मुलगा हसला.

"पायात जाते म्हणून कुणाचीही चप्पल घालतोस का?" चार्जरवरची मुंगीएवढी अक्षरं वाचता वाचता शैलाताई कडाडल्या. मखराजवळ प्लग नव्हता, म्हणून दिवे पॉवर बँकेवर लावायचे. गेल्या वर्षी त्याने हाताला लागेल तो चार्जर लावला, पॉवर बँक पुरीसारखी टम्म फुगली आणि सोसायटीच्या सजावट स्पर्धेत बाप्पा अंधारात बसले.

तिसऱ्या चार्जरवर त्या थांबल्या. पॉवर बँकेला हवेत तेवढेच व्होल्ट तो देत होता. त्याच्यावर भरलेली पॉवर बँक त्यांनी उंदीरमामामागे दडवली आणि मखरातले दिवे तिला जोडले.

संध्याकाळी परीक्षक जिना चढू लागले आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. घरोघरच्या माळा, कारंजी, फिरती चक्रं गपगार! एकाच दारातून उजेड येत होता. आत बाप्पा लखलखत होते.

बाकीची घरं टॉर्चने बघून परीक्षक पुन्हा त्याच दारात आले. "पहिला नंबर!" शैलाताई पदर खोचून मोदक वाटत सुटल्या.

मूठभर चार्जर घेऊन मुलगा शेजारी येऊन उभा राहिला.

"आई, तुझं ते भिंग कुठंय गं?"