निकोलसची खिडकी

चाकणच्या आमच्या कंपनीत नाताळला कंत्राटी कामगारांच्या बावीस मुलांना दप्तरं वाटली. आधी एचआरच्या योगिनी मॅडमनी सांताक्लॉज मुळात कोण, ते सांगितलं. संत निकोलस गरिबाच्या खिडकीतून गुपचूप सोनं टाकायचा, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून.

मग त्यांनी माझ्या नेहाला स्टेजवर बोलावलं. "बाळा, दप्तर असं समोर धर. त्यावर छापलेलं 'गरजू कामगारांच्या मुलांसाठी' हे फोटोत दिसलं पाहिजे. आणि जरा हस की."

पोरीची मान खाली गेली. मॅडमनी हनुवटी धरून ती वर केली आणि फोटो पुन्हा काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी केबिन उघडली, तर खिडकीखाली बावीसच्या बावीस दप्तरं पडलेली.



कुणी टाकली, ते आमच्यातला एकही बाप सांगणार नाही.