दुधाचे सुळे

१९७१ साली बाली बेटावर रासमिनच्या दादासोबत तिचेही सुळे कानशीनं घासायचे ठरले. सुळे घासले की षड्रिपू नरमतात, अशी तिथली श्रद्धा. रासमिन नुकतीच शहाणी झाली होती, पण सुळे दुधाचेच. त्यांना कानशी चालत नाही. “उपटा, बाई. नवे लवकर येतील,” आजारी आजोबा दंतवैद्यबाईंना म्हणाले. “लोंबी ओढून भात पिकतो का, आजोबा?” “मग मी मेल्यावर पिकवा! नातीचा विधी बघितल्याशिवाय मरू होय?” रासमिननं त्यांच्यासाठी मुकाट्यानं तोंड उघडलं. बाईंनी चिमटा उचललाच नाही. “तुला हवंय, पोरी?” रासमिननं तोंड मिटलं. “नाही उपटणार. शिव्या मला द्या, तिला नको.” आजोबांनी त्या मनसोक्त दिल्या. वर्षभरात ते गेले. दादा शिक्षक झाला. बाई गावातच म्हाताऱ्या झाल्या. अठराव्या वर्षी रासमिनच्या विधीत पुरोहितानं तिचे आपसूक आलेले नवे सुळे घासले आणि आरसा देऊन विचारलं, “पुरे?” “अजून थोडं घासा,” ती म्हणाली.